ओढ्याकाठची सहकुटुंब भटकंती पाऊस ओसरल्यावरच

पावसाची पहिली सर कोसळली, की पुण्या-मुंबईकरांची पावले लोणावळा-मावळ परिसरातील धबधब्यांकडे वळतात. अलीकडे या भटकंतीत मुलाबाळांबरोबर घरातील पाळीव कुत्राही असतो. मात्र, जे ओढे जुलैमध्ये सर्वांत मोहक दिसतात, तेच त्या काळात सर्वांत धोकादायक असतात. मुले आणि कुत्रा यांना सोबत घेऊन ओढ्याकाठी चालण्याचा खरा हंगाम पाऊस ओसरल्यानंतर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतचा.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागील धबधब्यात चार मुलांसह एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. काही वेळापूर्वी ज्या प्रवाहात ते सहज उभे होते, तोच प्रवाह पाहता पाहता वाढला आणि काठावर परतणे अशक्य झाले.

पाणी अचानक का वाढते?

याचे उत्तर सह्याद्रीच्या रचनेत आहे. येथील डोंगर काळ्या कातळाचे. त्यावर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र. भर पावसाळ्यात हा थर आधीच भिजलेला असतो. त्यामुळे माथ्यावर पडलेले पाणी जमिनीत न मुरता थेट ओढ्यात उतरते. ओढ्याची लांबी कमी असल्याने हे पाणी काही मिनिटांत पायथ्याशी पोचते. खाली ऊन असतानाही वर पाऊस पडत असू शकतो. पाणी गढूळ होणे, पालापाचोळा व काटक्या वाहून येणे, आवाज वाढणे ही लोंढा येत असल्याची चिन्हे होत. ती दिसताच सामानाचा विचार न करता उंच जागी जावे.

भाज्याची वाट

सोप्या भटकंतीसाठी भाजे गावाचा परिसर उत्तम. पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्थानकावर उतरावे. द्रुतगती मार्ग ओलांडून भाज्याला चालत जाता येते. पुढे लोहगड आणि विसापूर या किल्ल्यांमधील गायमुख खिंडीकडे वाट चढते. डोंगरावरून उतरणारे ओहोळ अखेरीस इंद्रायणीला मिळतात. पाऊस सरला, की त्यांचे पाणी नितळ होते आणि कातळातील उथळ खळग्यांत मुलांना पाय बुडवून बसता येते. खिंड गाठलीच पाहिजे असे नाही; सर्वांत लहान मूल दमले, की परत फिरावे. फेब्रुवारीनंतर बहुतेक ओहोळ कोरडे पडतात.

भाज्याची लेणी दोन हजार वर्षांहून जुनी असून ती संरक्षित स्मारक आहेत. तेथे कुत्र्याला प्रवेश मिळेल असे गृहीत धरू नये. कुटुंबातील एकाने त्याच्यासोबत खाली थांबावे. कुत्रा बरोबर असल्यास स्वतःचे वाहन सोयीचे ठरते.

कुत्र्याची जबाबदारी

कुत्र्याला पोहता येते, म्हणून तो सुरक्षित असतो हा समज चुकीचा आहे. शेवाळलेल्या कातळावरून त्याचाही पाय घसरतो आणि त्याला वाचवण्यासाठी मालक पाण्यात उडी घेतो. एका अपघाताचे दोन होतात ते असे. त्यामुळे पट्टा सोडू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मावळात भाताची कापणी सुरू असते. मोकळा कुत्रा उभ्या पिकात शिरला किंवा गुरांच्या मागे लागला, तर नुकसान शेतकऱ्याचे होते. गावातील कुत्र्यांशी झटापटीचा प्रसंगही पट्ट्यामुळे टळू शकतो.

उंदीर आणि गुरांच्या मूत्रामुळे दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग कुत्र्याला तसेच माणसालाही होऊ शकतो. साचलेले पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नये. घरचे पाणी आणि वाडगा सोबत न्यावा. रेबीज आणि लेप्टोच्या लसी वेळेवर दिल्या आहेत का, हे पशुवैद्यकांकडून आधीच तपासून घ्यावे. परतल्यावर कान, मान आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधाव्यात. दुपारी कातळ तापतो आणि कुत्र्याचे तळवे पोळतात, म्हणून सकाळी लवकर निघून उन्हे चढण्यापूर्वी परतीला लागावे. बिबट्याचा वावर असलेल्या भागात अंधार पडेपर्यंत थांबू नये.

ताम्हिणी, कर्नाळा यांसारखी अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांत मात्र कुत्र्याला नेऊ नये. पाळीव कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे विषाणू वन्यप्राण्यांत पसरू शकतात. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात मरण पावलेल्या सिंहांपैकी काहींमध्ये हाच विषाणू आढळला होता.

पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अनेक धबधब्यांवर बंदी घालते. निघण्यापूर्वी त्या दिवसाचा आदेश आणि हवामानाचा अंदाज पाहावा. ओढा पुढच्या महिन्यातही तेथेच असतो. थोडे थांबल्याने भटकंतीतील आनंद उणावत नाही.