बॅटरीतलं शिसं आणि आइन्स्टाइन

मे महिन्यात लातूर-नांदेडकडे दुपार कलली की आभाळ भरून येतं, वळवाचं वारं सुटतं, कुठंतरी तारांवर फांदी पडते आणि लाइट जाते. छताचा पंखा जराही न अडखळता फिरत राहतो. इन्व्हर्टरने काही मिलिसेकंदांत घराचा भार बॅटरीवर घेतलेला असतो. त्या बॅटरीत काय चाललेलं असतं हे मला कळलं, तेव्हापासून जिन्याखालच्या त्या काळ्या डब्याकडे मी आदरानेच पाहतो.

डब्यात सहा कप्पे असतात. प्रत्येकात एका बाजूला शिसं, दुसऱ्या बाजूला शिशाचा ऑक्साइड आणि मधे पातळ केलेलं गंधकाम्ल. एका कप्प्यातून साधारण २.१ व्होल्ट मिळतात, सहांचे मिळून बाराहून थोडे जास्त. ही रचना १८५९ साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने केली. तेव्हा घरोघरी विजेचे दिवे नव्हते, म्हणजे वीज घरी यायच्या आधी ती साठवायची सोय झाली! पण शिशातूनच एवढा विजेचा दाब का मिळतो, याचा नीट हिशेब लागायला २०११ साल उजाडलं. स्वीडन आणि फिनलंडमधल्या संशोधकांनी तो मांडला. त्यांत राजीव आहुजा हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञही होते. शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे सगळ्यांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास ६० टक्के वेगाने धावतात. एवढ्या वेगाला न्यूटनचे नियम पुरत नाहीत, तिथं आइन्स्टाइनची सापेक्षता लागते. गणितातून सापेक्षता वगळून पाहिली, तर २.१ पैकी १.७ ते १.८ व्होल्ट नाहीसेच होतात. कथिल हे शिशाचं सख्खं भावंड, पण वजनाने हलकं; त्याची अशी बॅटरी होत नाही ती म्हणूनच. नीट परीक्षेची तयारी करणारा लातूरचा विद्यार्थी रात्री ज्या उजेडात भौतिकशास्त्र वाचतो, तो उजेडच त्या शास्त्राच्या एका अवघड प्रकरणावर उभा असतो.

आता निवडीचं. दुकानात बोलणं इन्व्हर्टरपासून सुरू होतं; माझ्या मते ते बॅटरीपासून व्हावं. घरात दोन साधे पंखे, चार एलईडी दिवे आणि वायफाय एवढं चालवायचं तर भार सुमारे २०० वॉटचा. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. वाटेतली घट धरली आणि बॅटरी तळापर्यंत उपसायची नाही हे पथ्य पाळलं, तर नवी असताना पाच-सहा तास निघतात. कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावले तर याच बॅटरीवर जास्त वेळ निघतो. लेबलावर १५० च्या शेजारी सी-१० लिहिलंय की सी-२० हे जरूर पाहा. सी-१० म्हणजे दहा तासांत उपसली तरी १५० भरणारी. सी-२० ला हाच आकडा गाठायला वीस तास सावकाश उपसावं लागतं. घाईने काढलं की बॅटरी कमी देते. एवढ्या भाराला ९०० व्हीएचा इन्व्हर्टर भरपूर झाला. तो साइन वेव्हच घ्या, कारण स्क्वेअर वेव्हवर पंखा घुमतो आणि मोटर तापते. कूलर चालवायचा असेल तर हिशेब नव्याने करावा लागेल.

प्लेट ट्युब्युलर हवी. साध्या सपाट प्लेटवरचा मसाला वापराबरोबर झडत जातो. ट्युब्युलरमध्ये तो सच्छिद्र नळ्यांत धरून ठेवलेला असतो. प्लेटइतकंच बॅटरी पूर्ण भरणंही महत्त्वाचं, हे मराठवाड्याने भारनियमनाच्या वर्षांत शिकून घेतलंय. वीजगळती आणि थकबाकी जास्त असलेल्या फीडरला तेव्हा जास्त तास अंधार असे. रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात, तेवढी सलग वीजच मिळत नसे. अर्धवट भरलेल्या बॅटरीत शिशाच्या सल्फेटचे खडे कडक होत जातात आणि एकदा कडक झाले की सहसा विरघळत नाहीत.

आपल्याकडे बॅटरीचे शत्रू दोन. पहिला उन्हाळा: २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. नांदेडच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेली बॅटरी लवकर मरणारच. तिला घरातली गार, हवेशीर जागा द्या. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून कोंदट कपाट नको.

दुसरा शत्रू पाणी, कमी पडलेलं किंवा चुकीचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. त्याआधी दुष्काळात परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. पाण्यावाचून वीज अडते हे आपल्याला कुणी सांगायला नको, आणि बॅटरीचंही तसंच आहे. झाकणावरचा फ्लोट खाली गेला म्हणजे पाणी उडून गेलंय, आम्ल आतच आहे. बोअरचं पाणी ओतलं तर त्यातले क्षार आत साचत राहतात, चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो तसे. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. डिस्टिल्ड वॉटरच घाला, आणि वरच्या खुणेपर्यंतच.

लिथियम बॅटरीला पाणी लागत नाही, ती लवकर भरते आणि कितीतरी जास्त वेळा उपसता येते. हातात एकरकमी पैसे असतील आणि लाइट रोज जात असेल तर तीच घ्या. लाइट क्वचित जाणाऱ्या घराला ट्युब्युलर पुरते.

शेवटी एक विनंती. जुनी बॅटरी भंगारात विकू नका, दुकानदाराला परत करा. बॅटरी-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी ती परत घेऊन तिचा नीट पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. शिसं कितीही वेळा वितळवून पुन्हा वापरता येतं, पण उघड्यावर वितळवलं तर त्याचा धूर शेजारच्या मुलांच्या मेंदूला इजा करतो.