चॉकलेट सिस्ट : संप्रेरके की शस्त्रक्रिया?

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजून वाढू लागल्या की त्या विकारास एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो. या पेशी अंडाशयात रुजल्या, तर पाळीच्या चक्राबरोबर तेथेही रक्तस्राव होतो आणि त्याला वाट न मिळाल्याने जुने, दाट, तपकिरी रक्त साठून गाठ बनते, तिला चॉकलेट सिस्ट असे म्हणतात.

इस्ट्रोजेन या संप्रेरकावर हा विकार पोसला जात असल्याने औषधांचा रोख अंडाशयाचे मासिक चक्र शांत करण्याकडे असतो. त्यासाठी डायनोजेस्टची रोज २ मिलिग्रॅमची गोळी किंवा गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात. मेंदूतील पियुषिका ग्रंथीकडून अंडाशयाला मिळणारी चालना रोखणारी इंजेक्शनेही वापरतात, परंतु त्यांनी हाडे विरळ होण्याचा धोका असल्याने ती दीर्घकाळ देताना सोबत अल्प प्रमाणात संप्रेरके द्यावी लागतात. या उपचारांनी वेदना कमी होतात आणि गाठ काहीशी आकसते. मात्र ती सहसा नाहीशी होत नाही, औषध थांबवल्यावर त्रास परतू शकतो आणि बीजनिर्मिती दबलेली असल्याने त्या काळात गर्भधारणेचा प्रयत्न करता येत नाही.

प्रत्यक्ष गाठीवर केल्या जाणाऱ्या उपायांपैकी सुईने द्रव शोषून घेणे सर्वांत सोपे असले, तरी गाठीचे आवरण तसेच राहिल्याने ती बहुधा पुन्हा भरते. म्हणून काही ठिकाणी द्रव काढल्यावर आत काही मिनिटे अल्कोहोल ठेवून आवरणातील पेशी निकामी करतात. त्यास स्क्लेरोथेरपी म्हणतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आवरण सोलून काढले जाते. गाठ केवळ रिकामी करून जाळण्यापेक्षा या पद्धतीत ती पुन्हा होण्याचे प्रमाण कमी असते आणि काढलेल्या आवरणाची तपासणीही करता येते. परंतु आवरणाबरोबर अंडाशयाचा निरोगी भागही निघून येतो आणि शिल्लक बीजांचा अंदाज देणारी एएमएचची रक्तातील पातळी घटते. दोन्ही अंडाशयांत गाठी असल्यास किंवा शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा होत असल्यास हे नुकसान अधिक गंभीर ठरते.

त्यामुळे संप्रेरके आणि शस्त्रक्रिया या दोन मार्गांची तुलना गाठीच्या आकारावरून नव्हे, तर उपचाराच्या हेतूवरून करावी लागते. वेदना हाच मुख्य त्रास असून अपत्याची घाई नसेल, तर संप्रेरकांनी आरंभ करणे सयुक्तिक ठरते. सोनोग्राफीत कर्करोगाची शंका आल्यास मात्र शस्त्रक्रियेचा विचार लांबणीवर टाकता येत नाही. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या एश्रे या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसार केवळ आयव्हीएफचे यश वाढावे म्हणून गाठ सरसकट काढू नये. तसेच शस्त्रक्रियेनंतर लगेच गर्भधारणा नको असलेल्या स्त्रियांना गाठ पुन्हा होऊ नये यासाठी दीर्घकाळ संप्रेरके द्यावीत. म्हणजेच अनेकींच्या बाबतीत हे दोन उपचार परस्परांना पर्याय नसून एकामागून एक येणारे टप्पे असतात, आणि अपत्याची इच्छा असल्यास शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी एएमएचची तपासणी करून घेणे हिताचे ठरते.