पुडीने यकृताची चरबी उतरत नाही!

हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा हा केळीच्या बागांचा आणि हळदीच्या शेतांचा मुलूख. इथे उन्हाला तोटा नाही. अशा गावात कुणाच्या अंगात ‘ड’ जीवनसत्त्व कमी असेल, असे सहसा वाटणार नाही. परंतु ऊन डोक्यावर असणे वेगळे आणि कातडीला लागणे वेगळे. शेतमजूर बाई साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते, डोक्याला रुमाल बांधते. तिची मुले दिवसभर वर्गात, नाहीतर दुकानाच्या छपराखाली. दिल्लीच्या एम्समधील डॉ. रविंदर गोस्वामी व सहकाऱ्यांनी २००० सालीच दाखवून दिले की, या उन्हाच्या देशात धडधाकट माणसांतही ‘ड’ कमी आढळते.

आता या ‘ड’चे नाते फॅटी लिव्हरशी, म्हणजे यकृतात साठणाऱ्या चरबीशी जोडले जात आहे. हा आजार लठ्ठांचा, श्रीमंतांचा किंवा दारुड्यांचा, असे मानून कष्टकरी माणूस निर्धास्त राहतो. ते खरे नाही. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील ग्रामीण पाहणीत (२०१०) सुमारे ८.७ टक्के लोकांच्या यकृतात चरबी सापडली, आणि त्यातले बहुसंख्य लठ्ठ नव्हते. भारतीय माणूस दिसायला काटक, पण आतून चरबीचा असू शकतो, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक कधीचे सांगत आहेत.

यकृतात चरबी असलेल्यांच्या रक्तात ‘ड’ अनेकदा कमी असते, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पण सोबत असणे म्हणजे कारण असणे नव्हे! कातडीत तयार झालेल्या ‘ड’वर पहिली प्रक्रिया यकृतातच होते. ‘ड’ चरबीत साठून राहते, म्हणून अंगात चरबी जास्त तर रक्तात ‘ड’ कमी. आणि जो बसून असतो, त्याला ऊनही लागत नाही आणि त्याची चरबीही जळत नाही. मग दोष एकट्या ‘ड’च्या माथी कसा मारता येईल?

याची परीक्षाही झाली. रोम येथे मधुमेह आणि फॅटी लिव्हर दोन्ही असलेल्या रुग्णांना २४ आठवडे रोज २,००० युनिट ‘ड’ दिले. त्यांच्या यकृतातली चरबी नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली नाही. हा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. म्हणून ‘ड’ कमी असेल तर हाडांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावे; पण ते यकृताचे औषध म्हणून मजुरीचे पैसे मोडू नयेत. आठवड्याची ६०,००० युनिटची पुडी कुणी रोज घेऊ लागला, तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला धोका होतो.

चरबी उतरते ती वजन व कमरेचा घेर कमी झाल्याने. लठ्ठ माणसाचे वजन सात ते दहा टक्के घटले, तर यकृताची सूजही ओसरते. साखर, गोड पेये, तळलेले पदार्थ व दारू सोडावी, रोज चालावे. पण ज्याचे ताट रेशनच्या गहू-तांदळावरच भरते आणि ज्याला डाळ परवडत नाही, त्याला केवळ ‘पथ्य पाळा’ म्हणणे ही थट्टा आहे. डाळ आणि ज्वारी-बाजरी स्वस्तात मिळणे हासुद्धा यकृताचाच उपचार आहे.

केंद्र सरकारने २०२१ साली फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा तपासणी अर्ज भरताना आशाताईंनी कमरेचे माप घेणे अपेक्षित आहे. बाईची कंबर ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर गेली, तर तो इशारा समजावा. या तपासणीला पैसा लागत नाही, टेप लागते. बांधवांनो, पुडी विकत घेण्याआधी आपल्या वस्तीत ती टेप आली का, हे विचारा. आली नसेल तर आरोग्य केंद्रात जाऊन मागा. ती मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे!