खांबावरचा डबा कुणाचा? (परिसर अभ्यास व नागरिकशास्त्र)



परिसर भेटीला मुलांना रस्त्यावर नेलं, की आपल्याला रोज दिसूनही न दिसणाऱ्या गोष्टी ती बरोबर टिपतात. "बाई, लाईटच्या खांबावर तो डबा कसला? आणि कुणाला विचारून लावला?" असा प्रश्न आला तर? पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्या भागात मात्र अख्खं नागरिकशास्त्र दडलंय.

डबा कसला?
तो मोबाईलचा छोटा अँटेना, म्हणजे 'स्मॉल सेल' असू शकतो. मोठा टॉवर काही किलोमीटरपर्यंत पोचतो, स्मॉल सेल काहीशे मीटरच. फाईव्ह-जीच्या जास्त वारंवारितेच्या लहरी भिंती-झाडांतून फार लांब जात नाहीत. म्हणून गर्दीच्या भागात उभ्या खांबांवर, बसथांब्यांवर असे डबे बसवतात.

कुणाला विचारून?
राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, संघसूचीच्या ३१ व्या नोंदीत टपाल, दूरध्वनी आणि बिनतारी संदेशवहन येतं. म्हणजे तो विषय केंद्राचा. रस्ते मात्र ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांकडे सोपवता येणाऱ्या विषयांत आले. मुलांना असं सांगावं: लहरी दिल्लीच्या, खांब गावाचा!

दोघांचा मेळ घालायला केंद्राने २०१६ मध्ये 'राइट ऑफ वे' म्हणजे मार्गाधिकाराचे नियम केले. कंपनीने जागेच्या मालक संस्थेकडे अर्ज करायचा. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यायचं आणि कंपनीचं म्हणणं आधी ऐकायचं. ६० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरायचं. २०२२ च्या दुरुस्तीत स्मॉल सेलसाठी दर खांबामागे वर्षाला शहरात ३०० आणि ग्रामीण भागात १५० रुपये अशी आकारणी ठरली. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि १ जानेवारी २०२५ पासून नवे नियम लागू झाले. पण मुदतीत उत्तर न देणं म्हणजे होकार, हे तत्त्व कायम आहे.

आपल्याशी संबंध इथेच येतो. फूटपाथ अडतोय, वायर मुलांच्या डोक्यावर लोंबकळतेय, खोदलेला रस्ता बुजवलेला नाही, हे बघणं स्थानिक संस्थेचं काम. ग्रामसभेत किंवा वॉर्डात आपण वेळेत बोललो नाही, तर मुदत निघून जाते.

आणि रेडिएशन?
पालकांचा हा नेहमीचा प्रश्न. ती मर्यादा ग्रामपंचायत ठरवत नाही, केंद्राचा दूरसंचार विभाग ठरवतो. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली. शंका असेल तर 'तरंग संचार' पोर्टलवर जवळच्या टॉवरची माहिती बघता येते आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. व्हॉट्सॲपवरचा मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा हे बरं, नाही का?

उपक्रम: शाळेपासून घरापर्यंतचे खांब मुलांना मोजायला सांगा. प्रत्येकावर काय काय आहे आणि त्या खांबाचा मालक कोण (नगरपालिका, ग्रामपंचायत, वीज कंपनी की बांधकाम विभाग) याचा तक्ता करून घ्या. लोंबकळती वायर दिसली, तर योग्य कार्यालयाला वर्गातर्फे एक अर्ज लिहा. पत्रलेखनाचा पाठ होईल आणि वायरही कदाचित वर जाईल.