तुळशीची मुळे आणि अमेरिकेचा हिवाळा

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीच्या लग्नाचा काळ. महाराष्ट्रात या दिवसांत पाऊस सरलेला असतो, ऊस उभा असतो, बोरे आणि आवळे बाजारात आलेले असतात आणि वृंदावनातील तुळस मंजिऱ्यांनी लवलेली असते. शिकागो अथवा न्यू जर्सी येथे हीच तिथी बहुधा नोव्हेंबरात येते. त्यापूर्वीच ऑक्टोबरातील एखाद्या रात्री दव गोठते आणि अंगणात राहिलेली तुळस सकाळी काळवंडून गेलेली आढळते. म्हणून जाणती माणसे सप्टेंबर संपता संपता, रात्रीचे तापमान ५० अंश फॅरनहाइटच्या खाली उतरण्याच्या बेतात असतानाच, कुंडी घरात घेतात. लग्न थाटात पार पडते. परंतु त्यानंतर नवरीची प्रकृती ढासळू लागते. डिसेंबरात पाने गळतात, आणि संक्रांतीच्या सुमारास कुंडीत नुसती काडी उभी असते.

दोष थंडीला दिला जातो. घरात तर ७० अंशांची ऊब असते. मग थंडी कोठून आली? त्या काडीला हलकेच उपटून पाहिले असता खरे कारण हाती येते. मुळे तपकिरी व बुळबुळीत झालेली असतात. बोटाने ओढताच त्यांची साल निसटून आत दोऱ्यासारखा तंतू तेवढा उरतो, आणि मातीला आंबूस दर्प येत असतो. तुळस थंडीने मेलेली नसून बुडून मेलेली असते.

ही गोष्ट ऐकावयास कठोर वाटेल, कारण ते पाणी श्रद्धेने घातलेले असते. सकाळी स्नानानंतर तुळशीला तांब्याभर पाणी घालावे, हा आपल्या घराघरांतील नित्यक्रम. कोकणातील अंगणात तो सर्वथा योग्यच आहे. तेथील वृंदावन दगडाचे वा विटांचे, आतील माती खाली जमिनीपर्यंत मोकळी, वर दिवसभराचे ऊन. घातलेले पाणी दुपारपर्यंत कोठच्या कोठे जाते. न्यू जर्सीतील दिवाणखान्यात जानेवारी महिन्यात यांपैकी काहीच नसते. कुंडी प्लास्टिकची, तिच्याखाली गालिचा खराब होऊ नये म्हणून बशी, खिडकीतून येणारे ऊन तिरपे आणि दिवसातून काही तास. प्रकाश कमी मिळाला की पानांचे काम मंदावते. पानांचे काम मंदावले की मुळे पाणी कमी ओढतात. तांब्या मात्र तेवढाच राहतो.

संस्कृतात वृक्षाला पादप म्हणतात; पायांनी पिणारा तो पादप. शब्द सुंदर आहे, परंतु अर्धाच आहे. ते पाय पितात तसे श्वासही घेतात. मातीच्या कणांमध्ये ज्या सूक्ष्म पोकळ्या असतात त्यांत हवा असते, आणि तेथील प्राणवायूवर मुळांचा जीव अवलंबून असतो. पोकळ्या सतत पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांवर बुरशीसारखे सूक्ष्म जीव तुटून पडतात. यातील खरी मेख पुढेच आहे. सडलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून भरल्या कुंडीत पाने तहानल्यासारखी मान टाकतात. ती कोमेजलेली पाहून घरातील माऊलीचा जीव कळवळतो, आणि ती आणखी अर्धा तांब्या घालते.

उपाय देवघरातच आहे. पंचपात्रीतील पळी हेही पूजेचेच माप होय. हिवाळ्यात तुळशीला रोज पळीभर पाणी वाहावे; नेम मोडत नाही आणि मुळेही गुदमरत नाहीत. खरे पाणी केव्हा घालावे हे बोटाने ठरवावे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावे. तेथे कोरडे लागले तरच पाणी द्यावे, आणि द्यावयाचे तर कुंडीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्यावे. बशीत साचलेले पाणी तत्काळ ओतून टाकावे. भेट म्हणून आलेल्या रोपांच्या कुंडीभोवती रंगीत चंदेरी कागद गुंडाळलेला असतो. तो शोभेचा खरा, परंतु पाणी कोंडून धरणारा. तो आल्या दिवशीच काढावा.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर घालण्याची प्रथाही तपासून पाहण्यासारखी आहे. तीमुळे निचरा सुधारतो असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहजी उतरत नाही. ते खडीच्या वरच्या सीमेवर थबकून राहते, आणि ओली माती मुळांच्या अधिकच जवळ येते. भोकावर एक खापरी ठेवली की पुरे. तसेच लहान रोपाला एकदम मोठी कुंडी देणे ही उदारता महागात पडते. मुळे जेथवर पोचलेली नाहीत तेथील माती ओलीच राहते. जुन्या कुंडीहून दोन इंच रुंद कुंडी घ्यावी, तीही वसंत ऋतूत.

एवढे सांगूनही मुळांविषयी आदर वाटत नसेल तर आयोवा विद्यापीठातील हॉवर्ड डिट्मर यांचे काम आठवावे. त्यांनी हिवाळी राय नावाच्या धान्याचे एकच रोप सुमारे एक फूट लांब, एक फूट रुंद आणि बावीस इंच खोल अशा पेटीत चार महिने वाढविले, त्याची माती धुऊन काढली आणि मुळांची मोजदाद केली. १९३७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले आकडे असे: मुळे सुमारे १ कोटी ३८ लाख, त्यांची एकूण लांबी सुमारे ३८७ मैल. या मुळांवरील केसांसारखे मूलरोम सुमारे १,४०० कोटी, आणि ते एकापुढे एक ठेवले तर अंतर भरते ६,००० मैलांहून अधिक. एका पेटीतील, एका रोपाचे! पाणी शोषण्याचे काम मुख्यत्वे या मूलरोमांचे. ते मुळाच्या टोकामागे थोड्याशाच भागावर असतात, अल्पायुषी असतात आणि स्पर्शाने तुटतात. म्हणून रोप हलविताना ते मातीच्या हुंडीसह हलवावे. माती झटकून मुळे 'स्वच्छ' करणाऱ्याने रोपाचे तोंडच पुसून टाकलेले असते.

तुळशीखालोखाल या देशातील मराठी घरांत जपले जाते ते कढीलिंबाचे झाड. हे तर हिवाळ्यात कधी कधी सर्व पाने टाकते आणि मेल्यासारखे दिसते. शेकडो मैल गाडीतून आणलेले, मुलासारखे वाढविलेले झाड अशा वेळी कचऱ्यात जाते. आणि ते पुष्कळदा जिवंत असते. नखाने खोडाची साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर मुळे निजलेली आहेत, मेलेली नाहीत. त्यांना थोडेच पाणी द्यावे, खत मुळीच देऊ नये, आणि एप्रिलपर्यंत धीर धरावा. कढीलिंबाच्या मुळांना फुटवे येतात. ते मुळासकट अलग करून नवे रोप करता येते, आणि घराघरांतून हे झाड पसरले आहे ते बव्हंशी असेच.

परंतु या देवाणघेवाणीला एक मर्यादा आहे, आणि ती प्रत्येकाने पाळलीच पाहिजे. कढीलिंब हा लिंबू-संत्र्याच्या कुळातील. या कुळावर जगणारा एक बारीक आशियाई कीटक १९९८ साली फ्लॉरिडात आढळला. तो ज्या जीवाणूचा वाहक आहे त्याचा रोग तेथे २००५ साली सापडला, आणि संत्र्यांच्या बागांची धूळधाण झाली. कॅलिफोर्नियात कीटक २००८ साली पोचला व रोग २०१२ साली लॉस एंजेलिस परगण्यात दिसला. या रोगात पाने पिवळी दिसू लागण्यापूर्वीच झाडाची तंतुमुळे झडू लागतात. बागाइतदाराला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. कढीलिंबाची पाने त्या कीटकाला अतिशय प्रिय आहेत. म्हणून रोगग्रस्त क्षेत्रांतून कढीलिंबाचे रोप बाहेर नेण्यावर सरकारी निर्बंध आहेत, आणि भारतातून येताना बॅगेत मातीसह रोप दडवून आणणे हा तर गुन्हाच होय. आजीच्या परसातील रोप असे म्हटल्याने कीटक त्याला सोडत नाही. निर्बंधांबाहेरील प्रदेशात असलेल्या परवानाधारक रोपवाटिकेतून रोप घ्यावे. चव तीच लागते.

अळूची गोष्ट निराळी. ऑक्टोबरात पाने करपू लागली की अळूचे कंद खणून, माती झाडून, कोरड्या जागी खोक्यात ठेवता येतात. ते मुळांवाचून निजतात. याचे कारण असे की अळू, आले, हळद आणि बटाटा ही मुळे नव्हेतच, ती जमिनीत वाढलेली खोडे आहेत. बटाट्याचे डोळे म्हणजे खोडावरील कळ्याच. रताळे मात्र खरे मूळ. उपवासाच्या ताटात बटाटा आणि रताळे शेजारी बसतात खरे, परंतु वनस्पतिशास्त्राने त्यांची सोयरीक मान्य केलेली नाही.

आता अंगणातील वृक्षांकडे वळू. वृक्ष जेवढा उंच तेवढी मुळे खोल, हा समज येथेही दृढ आहे. वस्तुतः बहुतेक वृक्षांची बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या कितीतरी पलीकडे पसरतात. नव्या वसाहतींत घरे बांधताना यंत्रांनी चिकणमाती दगडासारखी दाबलेली असते. तेथे तर ती आणखीच वर राहतात. म्हणून बुंध्याशी पाणी ओतण्यापेक्षा फांद्यांच्या टोकांखाली ते सावकाश मुरवावे. रोप लावताना खोड जेथे रुंदावून मुळांत उतरते तो भाग जमिनीवर दिसला पाहिजे. कुंडीत गोल गोल फिरलेली मुळे कापून मोकळी करावी, नाहीतर पुढे तीच जाड होऊन खोडाचा गळा आवळतात.

अमेरिकन उपनगरांत लाकडाच्या भुश्शाचे आच्छादन बुंध्याभोवती वारुळासारखे रचण्याची चाल आहे. दिसावयास नीटनेटके, परंतु साल सतत ओली राहून कुजते. आपल्याकडे नारळी-पोफळीला आळे करतात; त्याचा आकार नेमका याच्या उलट, मध्ये खोलगट आणि कडेला बांध. आच्छादन घालावे ते तीन इंच जाडीचे, आणि बुंध्यापासून चार बोटे दूर. या एका बाबतीत शेजाऱ्याचे पाहून शिकण्याऐवजी शेजाऱ्याला शिकवावे. खणण्यापूर्वी मात्र ८११ या क्रमांकावर दूरध्वनी करून वायूच्या व विजेच्या वाहिन्या कोठून जातात ते विचारून घ्यावे. २००७ पासून साऱ्या देशाला हा एकच क्रमांक आहे.

या भूमीची मुळे किती खोल होती हे नेब्रास्का विद्यापीठाच्या जॉन वीव्हर यांनी दाखविले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी माणूस उभा राहील एवढे खोल चर खणून, हातातील टोचणीने माती कण कण उकरून, गवतांची आणि पिकांची मुळे जशीच्या तशी कागदावर उतरविली. भाजीपाल्याच्या मुळांवरील त्यांचा ग्रंथ १९२७ सालचा. कुरणातील उंच गवतांची मुळे माणसाच्या उंचीहून खोल गेलेली त्यांना आढळली. ही कुरणे नांगरली गेली, त्यानंतर अवर्षण आले, आणि १९३० नंतरच्या दशकात मैदानांवरील माती धुळीची वादळे होऊन उडाली. तिला धरून ठेवणारे खाली फारसे काही उरले नव्हते.

आणि मुळे प्रवासही करतात. टेक्ससमधील डेनिसन गावचे टी. व्ही. मन्सन रानटी द्राक्षवेलींचे अभ्यासक होते. युरोपातील द्राक्षबागा मुळांवरील किडीने उद्ध्वस्त होत असता अमेरिकन मुळांवर त्यांचे कलम करून त्या वाचविण्यात आल्या, आणि या कार्यासाठी फ्रेंच शासनाने १८८८ साली मन्सन यांचा गौरव केला. त्यांनीच निवडलेली टेक्ससची 'डॉगरिज' ही जात पुढे महाराष्ट्रात पोचली. पाण्याचा ताण आणि क्षारयुक्त जमीन ती सोसते, म्हणून सांगली-नाशिककडील बागाइतदार आज 'डॉगरिज'च्या मुळांवर थॉम्पसनचे वा तास-ए-गणेशचे कलम बांधतात. तासगावची द्राक्षे चाखणाऱ्या पाहुण्याला त्यांच्या खाली टेक्सस आहे हे क्वचितच ठाऊक असते.

असो. तुळशीकडे परत येऊन एक युक्ती सांगितली पाहिजे. ऑगस्टअखेर, तुळस जोमात असताना, बिनफुलाचे चार-पाच शेंडे बोटभर लांबीचे कापावे, खालची पाने काढावी आणि काचेच्या पेल्यात पाणी घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवावे. दर दोन दिवसांनी पाणी बदलावे. आठ-पंधरा दिवसांत पांढरी शुभ्र मुळे फुटताना काचेतून स्पष्ट दिसतात, आणि मुलांना ती पाहण्याचा विलक्षण छंद लागतो. मुळे दोन इंचांची झाली की लहान कुंडीत, हलक्या मातीत, हळुवार हाताने लावावी. घरातल्या उजेडाची सवय अंगी बाणलेले हे लहानगे रोप अंगणातून उचलून आणलेल्या थोराड तुळशीपेक्षा हिवाळा अधिक चांगला काढते. द्वादशीपर्यंत ते टीचभर उंचीचेच असेल. ऊस त्याच्यापुढे फारच उंच दिसेल. अंतरपाट थोडा खाली धरावा.