कोळशावर घडलेलं सोनं

चीनच्या हुबेई प्रांतात झोंगश्यांगजवळ मिंग राजवंशातला राजपुत्र लियांग आणि त्याची पत्नी वेई यांच्या कबरीचं उत्खनन २००१ साली झालं. पाच हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. त्यांत अंबाड्यात खोवायचे सोन्याचे, रत्नजडित आकडेही होते. कबरीबाहेरचं जुनं सोनं मोडून नवं घडवायची रीत तिथेही होतीच. म्हणून मिंग सोनारांचं उत्तम काम आज दिसतं ते बहुतेक कबरींमधूनच.

या कामाचा जीव तारेत आहे. पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून सोनं ओढत केसासारखं बारीक करायचं. दोन तारा पिळून चपट्या केल्या की कडेला दाणे उमटतात. त्या तारा चिमट्याने वळवून पाकळी, ढग, पिसं घडवायची आणि बाईजी या ऑर्किडच्या कंदाच्या चिकाने जागेवर बसवायची. मग डाखाची पूड भुरभुरून आच द्यायची. चीक जळतो, डाख वितळतो, सांधा धरतो. आच जराशी वाढली तर तारही वितळते. फुगीर आकारासाठीची युक्ती मला सर्वांत विलक्षण वाटते. कोळशाची पूड त्याच चिकात मळून साचा करतात, त्यावर तारकाम रचून डाख देतात आणि शेवटी आतला कोळसा काढून टाकतात. हाती उरतो पोकळ, हलका दागिना. वानली या मिंग सम्राटाच्या कबरीतला मुकुट अवघ्या ०.२ मिलिमीटर जाडीच्या तारेने विणलेला आहे.

रत्नांना पैलू क्वचितच पाडत; खडा जसा वेडावाकडा, तसं त्याचं कोंदण. सोनं दूरवरूनही येई: लियांगच्या कबरीतल्या एका सोन्याच्या लगडीवर ती १४१९ साली ‘पश्चिम समुद्रा’कडच्या प्रदेशातून विकत घेतल्याचा लेख आहे. त्या काळी मिंग दरबाराचा नौदलप्रमुख झेंग हे याची जहाजं कोझिकोड, कोचीला येत होती.

खंड्याची निळी पिसं चिकटवण्याची कलाही याच दागिन्यांवर बहरली. ती देखणी खरी, पण त्यापायी असंख्य पक्षी मेले. आता रंगवलेली हंसाची पिसं किंवा रेशीम वापरतात, आणि तेच योग्य आहे.

बीजिंगच्या तारकामाला २००८ साली राष्ट्रीय वारशाच्या यादीत स्थान मिळालं. असा दागिना जुना म्हणून कुणी पुढे केला, तर वजन विचारण्याआधी भिंग मागा. ओतीव नकलेत तारा एकमेकींत विरघळलेल्या दिसतात. हातकामात प्रत्येक तार वेगळी मोजता येते.