गच्चीवरची दुर्बीण आणि न दिसणारा ध्रुव

हौसेने घेतलेली दुर्बीण वर्षभरात माळ्यावर जाते, हा अनेक घरांतील अनुभव आहे. दोष बहुधा भिंगाचा किंवा आरशाचा नसतो, बैठकीचा असतो. नेत्रिकेत आलेला शनी दोन मिनिटांत निसटतो, पुन्हा शोधावा लागतो आणि उत्साह मावळतो. ही निराशा टाळता येते, त्यासाठी बैठक ध्रुवाशी जुळवून घ्यावी लागते.

पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते. त्यामुळे आकाश दर चार मिनिटांना सुमारे एक अंश पश्चिमेकडे सरकताना दिसते. विषुववृत्तीय बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला, तर तो एकच अक्ष फिरवून ग्रह किंवा तारा तासन्‌तास नजरेत ठेवता येतो. हा अक्ष खगोलीय उत्तर ध्रुवाकडे रोखणे म्हणजेच ध्रुवजुळणी. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या स्थळाच्या अक्षांशाएवढी असते. मुंबईत ती १९ अंश, पुण्यात साडेअठरा, नागपुरात २१, तर पणजीत साडेपंधरा अंश आहे.

अडचण येथेच सुरू होते. जुळणीची प्रचलित कृती ध्रुवतारा पाहून करावयाची आहे. युरोपात तो आकाशात उंच असतो. आपल्याकडे मात्र तो उत्तरेच्या धुरकट पट्ट्यात, इमारतींच्या आड लपलेला असतो. शिवाय ध्रुवतारा म्हणजे नेमका ध्रुव नव्हे. तो खऱ्या ध्रुवापासून सुमारे ०.६ अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाहून थोडा अधिक दूर आहे. खरा ध्रुव त्याच्यापासून साधारणपणे ध्रुवमत्स्यातील कोचाब या ताऱ्याच्या दिशेला असतो.

ध्रुवतारा दिसत नसेल, तर निम्मे काम दिवसाच उरकावे. होकायंत्राचा मोह टाळलेला बरा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक असला, तरी स्लॅबमधील लोखंडी सळ्या सुई भलतीकडे वळवतात. मोबाइलमधील होकायंत्राचीही तीच गत होते. त्यापेक्षा सूर्यसिद्धान्तात आलेली शंकूची रीत अधिक भरवशाची आहे. गच्चीच्या सपाट भागावर एक सरळ काठी ओळंब्याने उभी करावी आणि तिच्याभोवती खडूने वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करील तेथे एक खूण करावी, दुपारनंतर ते पुन्हा स्पर्श करील तेथे दुसरी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते, तिला काढलेला लंब उत्तर-दक्षिण. या रेषेवर, पाणसळीने समतल केलेली तिपाई ठेवावी आणि बैठकीचा अक्ष कोनमापकाने अक्षांशाएवढा उचलावा. डोळ्यांनी पाहण्यापुरती एवढी जुळणी बहुधा पुरते.

छायाचित्रे घ्यावयाची असतील, तर उरलेली चूक ताऱ्यांनाच विचारावी लागते. अक्ष एक अंशाने चुकलेला असेल, तर योग्य जागी असलेला तारा चार मिनिटांत सुमारे एक कला उत्तरेस किंवा दक्षिणेस ढळतो. फुलीच्या तारा असलेल्या नेत्रिकेत हे ढळणे स्पष्ट दिसते. मोटर चालू ठेवावी आणि पूर्व-पश्चिम सरकण्याकडे दुर्लक्ष करावे. नेत्रिकेत दक्षिण कोणती, हे समजण्यासाठी नळीचे तोंड किंचित ध्रुवाकडे ढकलावे. त्या वेळी तारा ज्या बाजूला जातो ती दक्षिण.

प्रथम याम्योत्तर वृत्ताजवळचा, खगोलीय विषुववृत्तालगतचा तारा निवडावा. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री साडेआठच्या सुमारास मृगाच्या बाणातील तारे तेथे असतात. तारा दक्षिणेस ढळला, तर अक्ष ध्रुवाच्या पूर्वेला रोखलेला आहे, म्हणून तो पश्चिमेकडे वळवावा. उत्तरेस ढळला, तर उलट करावे. नंतर पूर्वेचा तारा घ्यावा. त्याच वेळी मघा नक्षत्रातील तेजस्वी तारा सोयीचा असतो. तो दक्षिणेस ढळला, तर अक्ष खाली आहे, तो उचलावा. उत्तरेस ढळला, तर अक्ष उतरवावा. दोन्ही कृती एकदा पुन्हा केल्या की चूक झपाट्याने घटते.

आता कॅमेऱ्याने टिपलेल्या ताऱ्यांवरून ही चूक मोजून दाखवणाऱ्या संगणकप्रणालीही मिळतात. त्या वेळ वाचवतात, पण खडूची रेषा आधी आखलेली असेल, तर त्यांचेही काम हलके होते. नवी बैठक विकत घेताना ती किती कमी अक्षांशापर्यंत झुकते, हे विचारून घ्यावे. काही बैठकींचा वजनाचा दांडा कमी अक्षांशावर तिपाईच्या पायाला अडतो.

शेवटची गोष्ट सर्वांत सोपी, तरीही बहुतेकांकडून राहून जाणारी. जुळणी साधली की तिपाईच्या तिन्ही पायांच्या जागा रंगाने खुणावून ठेवाव्यात आणि अक्षाचे स्क्रू हलवू नयेत. पुढच्या रात्री तिपाई त्याच खुणांवर ठेवली की जुळणीला तास नव्हे, काही मिनिटे लागतात. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेलेच असते. उरलेल्या निरभ्र रात्री स्क्रू पिळण्यात घालवणे कोणत्याच आकाशप्रेमीला परवडणारे नाही.